‘आय हॅड सेंट’ म्हणजे पुढे काय झालं? इंग्रजी काळांची सोपी उकल

काही वर्षांपूर्वी मी एका परदेशी सहकारी बाईंना मेल केला. सोमवारी पाठवलेल्या अहवालाची पोच आली नव्हती, तेवढी आठवण करून द्यायची होती. मी लिहिलं, ‘आय हॅड सेंट द रिपोर्ट ऑन मंडे.’ डोक्यातलं मराठी वाक्य सरळ होतं: मी सोमवारी अहवाल पाठवला होता. पाऊण तासाने उत्तर आलं. बाई विचारत होत्या, सोमवारचा अहवाल आता बाद समजायचा का? त्यानंतर नवा पाठवला असेल तर तो मिळालेला नाही, कृपया पुन्हा पाठवा.

मी तो मेल तीनदा वाचला. नवा अहवाल? कुठला नवा?

सगळा घोळ एका ‘हॅड’ने घातला होता. शाळेतल्या बाईंनी माझ्या वाक्याला पूर्ण मार्क दिले असते. पूर्ण भूतकाळ, ‘हॅड’ आणि त्यापुढे क्रियापदाचं तिसरं रूप, सगळं जागच्या जागी. रचना बरोबर होती, निवड चुकली होती. आपल्यापैकी बहुतेकांचं इंग्रजी इथेच अडतं. काळ बनवायला आपण शिकतो. कधी कुठला वापरायचा, हे मात्र मनातल्या मराठी वाक्यावर सोपवून देतो. मराठी क्रियापद ज्या प्रश्नांची उत्तरं देतं ते प्रश्न वेगळे असतात आणि इंग्रजीचे वेगळे.

## काळ एक, अर्थ दोन

मराठीत ‘काळ’ हा शब्द दोन कामं करतो. घड्याळात सरकतो तोही काळ आणि क्रियापदाच्या रूपात दिसतो तोही काळ. इंग्रजीत पहिल्याला टाइम म्हणतात, दुसऱ्याला टेन्स. या दोघांची गल्लत करू नये, असं ऑटो येस्पर्सन या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांतच आग्रहाने मांडलं होतं. मराठी माणसाला याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. कुणी हाक मारली की आपण ओरडतो, ‘आलोच!’ रूप भूतकाळाचं आणि माणूस अजून खुर्चीतून उठलेलाही नसतो.

निव्वळ टेन्स मोजायचे तर इंग्रजीत ते दोनच आहेत, असं आज बरेच भाषाशास्त्रज्ञ मानतात: ‘प्ले’ आणि ‘प्लेड’. भविष्यासाठी क्रियापदाला स्वतःचं रूपच नाही, ‘विल’ उसनं आणावं लागतं. जाईन, जाशील, जाईल अशी घरची रूपं असलेली मराठी या बाबतीत श्रीमंत आहे.

मग तक्त्यातले ते बारा काळ आले कुठून? भूत, वर्तमान, भविष्य हे तीन, आणि प्रत्येकाचे साधा, चालू, पूर्ण, चालू-पूर्ण असे चार प्रकार. तीन चोक बारा. या चार प्रकारांना व्याकरणात ॲस्पेक्ट म्हणतात. बोलणारा माणूस घटनेकडे कुठे उभा राहून बघतोय, एवढाच त्याचा अर्थ. यापुढे मी त्याला ‘नजर’ म्हणतो.

पाऊस घ्या. ‘इट रेन्ड’ म्हणताना तुम्ही लांब उभे आहात. पाऊस पडला, संपला, अख्खा एका नजरेत मावला. ‘इट वॉज रेनिंग’ म्हणताना तुम्ही त्या पावसातच छत्री धरून उभे आहात. कधी सुरू झाला ते मागे राहिलं आणि कधी थांबेल याचा पत्ता नाही. ‘इट हॅज रेन्ड’ म्हणताना तुम्ही आत्ताच्या क्षणी आहात आणि पायाखालची जमीन ओली आहे. ‘इट हॅज बीन रेनिंग’ म्हणताना डबकी साचलेली दिसतायत, म्हणजे बराच वेळ कोसळत असणार. पाऊस एकच आहे. तुमची जागा चार वेळा बदलली.

तक्ता पाठ असायला हरकत नाही, पण बोलताना तक्ता आठवत बसलात तर गाडी निघून जाते. ‘मी आत्ता कुठे उभा आहे?’ हा प्रश्न त्यापेक्षा लवकर उत्तर देतो.

## ‘कालच आलोय’ इंग्रजीत का चालत नाही?

‘कधी आलास?’ ‘कालच आलोय.’ हे मराठीत किती सहज आहे! येणं काल झालं, पण मी आज इथे आहे, म्हणून ‘आलोय’. एकाच वाक्यात कालही आहे आणि आजही आहे आणि मराठीला त्यात काही खटकत नाही.

इंग्रजीत ‘आय हॅव्ह कम यस्टर्डे’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या कानाला खडा लागतो. ‘हॅव्ह कम’ सांगतं की मी आजमध्ये उभा आहे आणि ‘यस्टर्डे’ सांगतं की मी कालमध्ये उभा आहे. इंग्रजीला एका वेळी एकच पाय टेकू द्यायचा असतो. म्हणून ‘आय केम यस्टर्डे’ म्हणा, नाहीतर काल गाळून ‘आय हॅव्ह कम’ म्हणा.

वेळेला खोली समजा. ज्या खोलीचं दार बंद झालंय तिथल्या गोष्टीसाठी साधा भूतकाळ: काल, मागच्या आठवड्यात, २०१९ मध्ये, लहानपणी, दोन तासांपूर्वी. दार अजून उघडं असेल आणि तुम्ही आतच असाल, तर ‘हॅव्ह’: आज, या वर्षी, आत्तापर्यंत, आयुष्यात कधीतरी. गंमत म्हणजे एकच शब्द दिवस पुढे सरकला की दार बदलतो. सकाळी दहाला तुम्ही विचाराल, ‘हॅव्ह यू सीन हिम धिस मॉर्निंग?’ तेच दुपारी चारला विचाराल तर ‘डिड यू सी हिम धिस मॉर्निंग?’ शब्द तेच आहेत, पण सकाळ नावाची खोली मधल्या वेळात बंद झाली.

वेळ सांगितलीच नसेल तर? मग निकाल बघा. ‘आय लॉस्ट माय कीज’ ही कधीची तरी गोष्ट आहे, पुढे चाव्या सापडल्याही असतील. ‘आय हॅव्ह लॉस्ट माय कीज’ म्हणणारा माणूस आत्ता कुलपासमोर उभा राहून खिसे चाचपतोय.

या फरकाची धार मला खरी जाणवली ती एका वाक्याचा अनुवाद करताना. मूळ वाक्य होतं, ‘माझ्या आजीने समुद्र कधी पाहिला नाही.’ इंग्रजी लिहायला बसलो आणि पेन थांबलं. ‘माय ग्रँडमदर हॅज नेव्हर सीन द सी’ लिहिलं तर आजी हयात आहे. ‘माय ग्रँडमदर नेव्हर सॉ द सी’ लिहिलं तर आजी गेली. तिच्या आयुष्याचं दार उघडं आहे की बंद, हे क्रियापद निवडताना ठरवावंच लागतं, मोघम ठेवायची सोय नाही. मराठीत ‘पाहिलेला नाही’ म्हटलं तर आजी असावी असं वाटतं, पण ‘पाहिला नाही’ दोन्हीकडे चालतं. मला लेखकाला फोन करून विचारावं लागलं, तुमच्या आजी आहेत का हो? प्रश्न विचारताना संकोच वाटला, पण इलाज नव्हता.

इथे एक शंका येईल. अमेरिकन लोक तर ‘आय जस्ट फिनिश्ड’ आणि ‘डिड यू फिनिश येट?’ असं सर्रास बोलतात, मग हे नियम कुणासाठी? शंका रास्त आहे. ‘जस्ट’, ‘ऑलरेडी’, ‘येट’ या शब्दांबरोबर ब्रिटिश इंग्रजी ‘हॅव्ह’कडे झुकते आणि अमेरिकन इंग्रजीला साधा भूतकाळही चालतो. पण ‘आय हॅव्ह कम यस्टर्डे’ या दोघांनाही चालत नाही. बंद दाराच्या बाबतीत दोघांचं एकमत आहे.

## दहा वर्षं काम करतोय, की केलं?

आता उलटा घोटाळा. ‘मी इथे दहा वर्षं काम करतोय.’ काम चालू आहे, म्हणून मराठीत वर्तमानकाळ. तो तसाच उचलून आपण म्हणतो, ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टेन इयर्स.’ इतकं ऐकलंय की आता ते बरोबरच वाटतं.

इंग्रजीच्या नजरेत या वाक्याला दोन टोकं आहेत. एक दहा वर्षांपूर्वीचं, एक आत्ताचं. ‘ॲम वर्किंग’मध्ये फक्त आत्ताचं टोक दिसतं. दोन्ही टोकं जोडायची तर पूल लागतो आणि तो पूल म्हणजे ‘हॅव्ह बीन’: ‘आय हॅव्ह बीन वर्किंग हिअर फॉर टेन इयर्स.’ हा पूल विसरून कुणी मुलाखतीत ‘आय वर्क्ड हिअर फॉर टेन इयर्स’ म्हणालं, तर समोरचा समजणार की नोकरी सुटली.

‘सिन्स’ आणि ‘फॉर’ची गल्लत आपल्या ‘पासून’मुळे होते. आपण ‘सोमवारपासून’ म्हणतो आणि ‘दहा वर्षांपासून’ही म्हणतो. इंग्रजीत ‘सिन्स’च्या पुढे सुरुवातीचा बिंदू येतो: सिन्स मंडे, सिन्स २०१५. लांबी सांगायची तर ‘फॉर’: फॉर टेन इयर्स, फॉर टू डेज. यात आणखी काही दडलेलं नाही.

## ‘गेलो होतो’ची गोष्ट

माझ्या त्या मेलकडे परत येऊ, कारण मराठी माणसाच्या इंग्रजीचा हा सगळ्यात पक्का ठसा आहे. ‘आय हॅड गॉन देअर यस्टर्डे.’ ‘आय हॅड कॉल्ड यू.’ ‘वी हॅड मेट लास्ट इयर.’

असं का होतं, ते मराठीतच एक प्रयोग करून बघा. कुणाला तरी सांगा, ‘काल मी त्यांच्याकडे गेलो.’ आणि गप्प बसा. समोरचा म्हणेल, ‘मग?’ त्याला वाटतं गोष्ट अर्धवट राहिली. आता सांगा, ‘काल मी त्यांच्याकडे गेलो होतो.’ तो मान डोलावेल, ‘अच्छा.’ माहिती पुरी झाली: गेलो, परत आलो, प्रकरण संपलं. मराठीतलं ‘होतो’ गोष्टीला मागे सरकवून तिच्यावर झाकण ठेवतं.

इंग्रजीत हे बरोब्बर उलट आहे. ‘आय वेंट देअर यस्टर्डे’ म्हटलं की ‘अच्छा’, आणि ‘आय हॅड गॉन देअर’ म्हटलं की ‘मग?’ इंग्रजीतलं ‘हॅड’ झाकण ठेवत नाही, ते पायरी दाखवतं. भूतकाळात एक जागा आधी पक्की असते आणि ‘हॅड’ त्याच्याही मागची पायरी सांगतं. म्हणून ‘हॅड सेंट’ वाचल्यावर त्या बाई पुढची पायरी शोधू लागल्या. सोमवारी पाठवला होता, म्हणजे सोमवारनंतर काहीतरी घडलं असणार. काय घडलं? नवा अहवाल निघाला असेल! त्यांनी माझ्या व्याकरणावर विश्वास ठेवला, एवढाच त्यांचा दोष.

दोन पायऱ्या असतील तिथे मात्र ‘हॅड’ला पर्याय नाही. ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन लेफ्ट’ म्हणजे मी पोचलो आणि डोळ्यांदेखत गाडी हलली. ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट’ म्हणजे मी पोचलो तेव्हा फलाट रिकामा होता. पहिल्या माणसाने धावत जाऊन डबा पकडलाही असेल, दुसऱ्याला पुढच्या गाडीचीच वाट बघायला हवी.

तेव्हा ‘हॅड’ लिहिण्याआधी बोट ठेवून विचारायचं: ही गोष्ट कशाच्या आधीची? वाक्यात किंवा मागच्या वाक्यात भूतकाळातली दुसरी घटना सापडली तर ठेवा. नाही सापडली तर खोडा. मी हे करायला लागल्यापासून माझ्या लिखाणातले दहातले आठ ‘हॅड’ गळून पडले, आणि कुणाचं काही अडलं नाही. ‘बिफोर’ किंवा ‘आफ्टर’ वाक्यात असेल तर क्रम त्यानेच कळतो, मग ‘हॅड’ नसलं तरी चालून जातं.

मग ‘जाऊन परत आलो’ हा ‘गेलो होतो’मधला अर्थ इंग्रजीत जातो कुठे? त्यासाठी तिथे ‘बीन’ आहे. ‘ही हॅज गॉन टू लंडन’ म्हणजे तो गेलाय, इथे नाही. ‘ही हॅज बीन टू लंडन’ म्हणजे तो जाऊन आलाय. मराठीत ‘गेलाय’ आणि ‘जाऊन आलाय’ यांत जो फरक आहे तोच हा, फक्त इंग्रजीने येण्याचं काम ‘असण्या’च्या क्रियापदावर टाकलंय.

## ‘ऐकू येतंय का?’

ऑनलाइन मीटिंग सुरू झाली की पहिलं वाक्य ठरलेलं: ‘आर यू हिअरिंग मी?’ मराठीत आपण ‘ऐकू येतंय का?’ विचारतो, चालू काळात. ‘मला कळत नाहीये’, ‘आठवत नाहीये’, ‘दिसतंय’, ‘वाटतंय’ हेही चालू काळात. मग इंग्रजीतही ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’, ‘आय ॲम नॉट रिमेंबरिंग’ येणारच.

इंग्रजी क्रियापदांचे ढोबळमानाने दोन गट पाडते. धावणं, लिहिणं, बोलणं ही हालचाल; तिला सुरुवात असते, मध्य असतो, म्हणून मध्ये उभं राहून बघता येतं. माहीत असणं, समजणं, आवडणं, हवं असणं, मालकीचं असणं या स्थिती. स्थितीला मध्य नसतो. दिवा लागलेला असतो किंवा नसतो, ‘लागलेला असणं चालू आहे’ असं आपणही म्हणत नाही. म्हणून ‘आय नो’, ‘आय अंडरस्टँड’, ‘आय हॅव्ह टू ब्रदर्स’, ‘कॅन यू हिअर मी?’

क्रियापद तेच राहून गट बदलला की रूपही बदलतं. ‘आय थिंक ही इज राइट’ हे माझं मत, ती स्थिती. ‘आय ॲम थिंकिंग’ म्हणजे डोकं आत्ता कामाला लागलंय, ही हालचाल. ‘हॅव्ह’ मालकीसाठी असेल तर चालू काळ नको, पण ‘वी आर हॅव्हिंग अ मीटिंग’ चालतं, कारण मीटिंग मालकीची नसते, भरवलेली असते. जाहिरातवाले हा नियम मुद्दाम मोडतात, कान टवकारले जावेत म्हणून. त्यांना पैसे त्याचेच मिळतात.

हालचालीच्या क्रियापदांतही चालू काळाला एक छटा आहे: तात्पुरतेपणाची. ‘आय लिव्ह विथ माय ब्रदर’ ही कायमची व्यवस्था. ‘आय ॲम लिव्हिंग विथ माय ब्रदर’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, सध्यापुरतं, दुसरी सोय होईपर्यंत.

## उद्याची बात

भविष्यासाठी घरचं रूप नसल्यामुळे इंग्रजीने चार उसनी आणली. इथे मात्र मराठी आपल्या मदतीला येते. ढग दाटलेले बघून आपण म्हणतो, ‘पाऊस पडणार.’ पुरावा समोर आहे. इंग्रजीत हे ‘इट इज गोइंग टू रेन’. पुढच्या आठवड्याबद्दल नुसता अंदाज असेल तर ‘पडेल’, इंग्रजीत ‘इट विल रेन’. ‘मी जाणार आहे’ म्हणजे आधीच ठरलंय, आणि ‘जाईन’मध्ये जरा सैलपणा आहे. ‘-णार’ला ‘गोइंग टू’ आणि ‘-ईल’ला ‘विल’ ही जोडी शंभर टक्के जुळत नाही, पण चाचपडण्यापेक्षा नक्कीच बरी.

जुळत नाही ती जागा अशी. दार वाजतं, तुम्ही उठता आणि म्हणता, ‘थांब, मी उघडतो.’ मराठीत वर्तमानकाळ. इंग्रजीत त्या क्षणी घेतलेल्या निर्णयाला ‘विल’च लागतं: ‘आय विल ओपन इट.’ आणि ‘आलोच!’चं इंग्रजी ‘आय ॲम कमिंग’. भूतकाळाचं रूप तिकडे नेलंत तर हाक मारणारा मागे वळून बघेल.

ठरलेली भेट असेल तर ‘आय ॲम मीटिंग हर टुमॉरो’ आणि वेळापत्रकातली गोष्ट असेल तर ‘द ट्रेन लीव्हज ॲट सिक्स’. इथे दोन्ही भाषा एकाच वाटेने जातात: उद्या भेटतोय, गाडी सहाला सुटते.

सगळ्यात जास्त पाय घसरतो तो ‘इफ’ आणि ‘व्हेन’वर. ‘तू पोचशील तेव्हा फोन कर’ याचं आपण ‘व्हेन यू विल रीच, कॉल मी’ करतो. इंग्रजीत अट किंवा वेळ सांगणाऱ्या भागात ‘विल’ घालत नाहीत: ‘व्हेन यू रीच, कॉल मी.’ भविष्याची खूण मुख्य वाक्यावर पडली की पुरे. आपण तरी काय वेगळं करतो? ‘तू पोचलास की फोन कर’, ‘तो आला तर सांग’ यात भविष्याची खूण कुठे आहे? आपण तर थेट भूतकाळ वापरतो. पण ‘व्हेन’ खरोखर प्रश्न विचारत असेल तर ‘विल’ येतं: ‘व्हेन विल यू रीच?’ किंवा ‘आय डोन्ट नो व्हेन ही विल कम.’

## शिक्का एकच

‘डिड यू वेंट?’ आणि ‘आय डिडन्ट सॉ’ या चुकांवर फार वेळ घालवायला नको. भूतकाळाचा शिक्का वाक्यावर एकदाच मारायचा. ‘डिड’ आला की तो मारून झाला, पुढचं क्रियापद कोरं राहतं: ‘डिड यू गो?’ मराठीत ‘गेलास का?’, ‘गेलो नाही’ म्हणताना मूळ क्रियापदावरचा शिक्का कायम राहतो, म्हणून हात सवयीने दुसऱ्यांदा उठतो.

‘ही गोज’मधल्या ‘ज’ला लोक उगाच नावं ठेवतात. जातो, जाते, जातोस, जातेस, जातात एवढं सांभाळणाऱ्याने त्या एका ‘ज’ची कुरकूर करू नये. जुन्या इंग्रजीत पुरुषाप्रमाणे वेगवेगळे प्रत्यय होते. ते झिजत गेले आणि वर्तमानकाळात हा एवढा एक उरला.

‘गो’चं ‘वेंट’ कसं झालं, हेही मुलं नेहमी विचारतात. ‘वेंट’ खरं म्हणजे ‘वेंड’ या दुसऱ्याच क्रियापदाचा भूतकाळ. ‘गो’ने तो पळवला. इंग्रजीतली सगळ्यात जास्त वापरली जाणारी दहाही क्रियापदं अशीच अनियमित आहेत: बी, हॅव्ह, डू, से, मेक, गो, टेक, कम, सी, गेट. जे शब्द रोज तोंडात असतात त्यांचा विचित्रपणा टिकतो, जे क्वचित येतात ते हळूहळू ‘-एड’च्या रांगेत उभे राहतात. २००७ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं तपासली होती. त्यांतली आज ९८च अनियमित उरली आहेत. तेव्हा पाठांतराची यादी आधीच बरीच आटलेली आहे, असं समजून घ्यावं.

## ‘चुकलं तरी कळतंच ना?’

बहुतेक वेळा कळतं. ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’ म्हणणाऱ्याला समजलेलं नाही, हे कुणालाही समजतं.

पुढचा आक्षेप अधिक वजनदार आहे. कोट्यवधी भारतीय असंच बोलतात, तर ही चूक कशी, ही आपली इंग्रजी म्हणायची. भाषाशास्त्रज्ञही भारतीय इंग्रजीकडे एक स्वतंत्र वळण म्हणून बघतात, आणि स्थितीच्या क्रियापदांना ‘-इंग’ लावणं हे तिचं नोंदवलेलं वैशिष्ट्य आहे. मलाही आपापसांत बोलताना कुणी कुणाचं ‘-इंग’ दुरुस्त केलेलं आवडत नाही. त्याने बोलणारा सुधारत नाही, गप्प होतो.

पण मी दोन ढीग करतो. ‘नोइंग’, ‘हिअरिंग’ वगैरे पहिल्या ढिगात: कान खटकतो, अर्थ शाबूत राहतो. दुसऱ्या ढिगात ज्या चुकांनी अर्थच उलटतो त्या. हयात आजी जाते, चालू नोकरी सुटते, पाठवलेला अहवाल बाद होतो. वाचणाऱ्याला तुमच्या डोक्यातलं मराठी दिसत नाही, त्याच्यासमोर फक्त क्रियापद असतं. वेळ कमी असेल तर दुसरा ढीग आधी उपसा.

## भूतकाळ, पण मागचा नाही

सुरुवातीला म्हटलं की टेन्स आणि टाइम वेगळे. त्याचा सगळ्यात सुंदर नमुना मी मुद्दाम शेवटी ठेवला. फोनवर आपण म्हणतो, ‘मला जरा एक विचारायचं होतं.’ होतं? म्हणजे आता विचारायचं नाही का? अर्थात विचारायचंय, पण ‘विचारायचंय’ म्हटलं तर थेट अंगावर गेल्यासारखं होतं. ‘होतं’ म्हटलं की आपण एक पाऊल मागे उभे राहतो, समोरच्याला नाही म्हणायला जागा राहते.

इंग्रजी हेच करते आणि भरपूर करते. ‘आय वाँटेड टू आस्क’, ‘आय वॉज वंडरिंग’, ‘कुड यू’. ‘कुड’ हे ‘कॅन’चं भूतकाळी रूप, पण त्यात मागचं काहीच नसतं. भूतकाळाचं रूप अंतर दाखवतं, मग ते अंतर वेळेचं असो, आदबीचं असो की वास्तवापासूनचं. ‘इफ आय न्यू द आन्सर, आय वुड टेल यू’ यातलं ‘न्यू’ काल-परवाचं नसतं, ते न घडलेलं असतं. आपलं ‘माहीत असतं तर सांगितलं असतं’ तसंच. दुसऱ्याचं बोलणं सांगतानाही हेच अंतर कामाला येतं. ‘तो म्हणाला, बरं वाटत नाहीये’ यात मराठी त्याचे शब्द जसेच्या तसे ठेवते, इंग्रजी ते पाऊलभर मागे सरकवते: ‘ही सेड ही वॉज नॉट फीलिंग वेल.’ तो अजूनही आजारी असेल तर ‘इज’ ठेवलेलंही चालतं.

तर त्या दिवशी मी बाईंना दुसरा मेल लिहिला. ‘हॅड’वर बोट ठेवलं, आधीची घटना शोधली, सापडली नाही, खोडलं. ‘आय सेंट द रिपोर्ट ऑन मंडे. देअर इज नो न्यू व्हर्जन. आय वॉज वंडरिंग इफ यू कुड कन्फर्म दॅट यू हॅव्ह रिसीव्ह्ड इट.’ सोमवारचं दार बंद म्हणून ‘सेंट’, पोच अजून यायची म्हणून ‘हॅव्ह रिसीव्ह्ड’, आणि मधे दोन भूतकाळ नुसते आदबीचे.

पाच मिनिटांत उत्तर आलं: ‘सॉरी, आय जस्ट सॉ इट!’ बाई अमेरिकन होत्या.